नोटेची घडी आणि आहेराची रीत



इतिहास म्हटला की लढाया, तह, गाद्या आणि वारस यांचीच आठवण व्हावी, अशी आपल्या मनाला सवय लागली आहे. त्या मानाने आमचा आजचा विषय किरकोळ वाटेल. लग्नाच्या रुखवतात कोऱ्या नोटांचा मोर मांडलेला असतो. नवरदेवाच्या गळ्यात दहादहाच्या नोटांचा हार असतो. बारशाला एखादी मावशी नोटेचे फुलपाखरू करून पाळण्याला बांधते. या मोराचा, हाराचा आणि फुलपाखराचा इतिहास सांगावयास आम्ही उभे आहोत. आमचे शिक्षण थोडे कारखान्याच्या फाटकाशी आणि बाकीचे सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झाले. तेव्हा पंडितांच्या थाटाने काही सांगणे आम्हांस जमावयाचे नाही. परंतु ज्या गावी नोट छापली जाते, त्या गावाने नोटेची घडी कशी घालावी याचा विचार करावयाचा नाही, तर तो करावा तरी कोणी?

आणि विषय दिसतो तितका किरकोळ नाही. मोर असो की हार, त्याच्या पोटात एक जुना प्रश्न दडलेला आहे. पैसा भेट म्हणून द्यावयाचा, तर तो दाखविण्यासाठी द्यावयाचा की चालविण्यासाठी? आमच्या नाशिकने या प्रश्नाचे उत्तर एकदा दगडावर कोरून ठेवले आहे. तेथूनच सुरुवात करू.

त्रिरश्मी डोंगरावरची लेणी आपण पांडवलेणी म्हणून ओळखतो. त्यांतील दहाव्या लेण्यात क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याचे लेख आहेत. सुमारे अठराएकोणीसशे वर्षांपूर्वीची ही गोष्ट. ४२ व्या वर्षी, वैशाख महिन्यात, म्हणजे आपली ही व्याख्यानमाला भरते त्याच दिवसांत, त्याने तीन हजार कार्षापण भिक्षुसंघाला दिले. कसे दिले ते पाहण्याजोगे आहे. ताटात रास करून दिले नाहीत, माळ ओवूनही दिले नाहीत. गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे त्याने ते ठेव म्हणून ठेवले. श्रेणी म्हणजे कारागिरांचा संघ. एका श्रेणीकडे दोन हजार, दरमहा शेकडा एक दराने. दुसरीकडे एक हजार, दरमहा शेकडा पाऊण दराने. मुद्दल कधी मोडावयाचे नाही, व्याज तेवढे वापरावयाचे, अशी अट. वर्षावासाला राहणाऱ्या वीस भिक्षूंना वस्त्रासाठी प्रत्येकी बारा कार्षापण द्यावयाचे. हिशेब करून पाहा. दोन हजारांवर शेकडा एकप्रमाणे बारा महिन्यांचे व्याज दोनशे चाळीस होते, आणि वीस बारे दोनशे चाळीसच. एक कवडीचाही घोळ नाही.

आम्ही आयुष्यभर कामगार संघटनेच्या वर्गणीचा हिशेब ठेवला, म्हणून या लेखापुढे आमची मान आपोआप लवते. राजाच्या जावयाने आपला पैसा कोणा सावकाराकडे न ठेवता विणकरांच्या संघटनेकडे ठेवला, कारण ती टिकेल असा त्याला भरवसा वाटला. त्या पैशातून विणकरांना कामासाठी भांडवल मिळाले आणि भिक्षूंना वस्त्र मिळाले. भेट दिली ती चालती राहिली.

याच परगण्यात नाण्यावर दुसरा हात पडल्याची गोष्टही घडली. १९०६ साली आपल्या जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे तेरा हजारांवर चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. नाणी नहपानाची, पण त्यांतील दोनतृतीयांशांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारलेला होता. नहपानाला जिंकल्यावर त्याने ती नाणी वितळवीत बसण्याचा खटाटोप केला नाही. चालते नाणे चालते ठेवले आणि त्यावर आपली खूण उमटविली. पैशावर आपली खूण असावी ही हौस अशी फार जुनी आहे. राजाने ती ठशाने भागविली. प्रजेच्या हाती ठसा नव्हता; तिने भोक पाडले आणि नाण्याचा दागिना केला.

या दागिन्याची सर्वांत ओळखीची जात म्हणजे आपली पुतळ्यांची माळ. व्हेनिसहून व्यापाराच्या वाटेने येणाऱ्या सोन्याच्या नाण्यांवर माणसांच्या आकृती असत, म्हणून लोक त्यांना पुतळी म्हणू लागले. पुढे सोनारांनी त्याच घाटाच्या चकत्या घडविल्या आणि पुतळ्यांची माळ महाराष्ट्राच्या घरोघरी गेली. लमाण बायांच्या अंगावर नाण्यांचे दागिने आपण सर्वांनी पाहिले आहेत. इंग्रजी अमदानीतला चांदीचा रुपया वजनाने बरोबर एक तोळ्याचा असे. त्याला कडी डाकली की माळेत बसला. अडीअडचणीला कडी काढली की बाजारात चालला. गरिबाची ती गळ्यातली पेढी होती. मिरविता येई आणि मोडताही येई, हे त्या दागिन्याचे मर्म होय. हे मर्म ध्यानात ठेवावे. पुढे त्याचेच काम पडणार आहे.

आता कागदाकडे वळू. १८६१ च्या कायद्याने हिंदुस्थानात नोटा काढण्याचा मक्ता सरकारने आपल्याकडे घेतला. त्या नोटा इंग्लंडात बँक ऑफ इंग्लंडकडून छापून जहाजाने येत. नोट मोठ्या रकमेची असल्यामुळे व्यापारी ती मधोमध कापून एक अर्धे आधी टपालाने पाठवीत, ते पोचल्याचे कळले की दुसरे अर्धे पाठवीत, आणि घेणारा दोन्ही अर्धी जोडून वापरीत असे. चोराच्या हाती एक अर्धे लागले तरी त्याचा उपयोग नव्हता. नोटेला हात लावण्याची आपली पहिली रीत ही अशी होती. ती शोभेसाठी नव्हती, तर पैसा सुखरूप पोचावा म्हणून होती.

सामान्य माणसाच्या हाती कागदी पैसा आला तो पहिल्या महायुद्धात. चांदीचा तुटवडा पडला आणि ३० नोव्हेंबर १९१७ रोजी एक रुपयाची नोट निघाली. नंतर नाशिकरोडचे दिवस आले. १९२५ साली येथे इंडिया सिक्युरिटी प्रेस उभी राहिली. इंग्लंडातून येणारी टपालाची तिकिटे आता येथे छापली जाऊ लागली. १९२८ साली करन्सी नोट प्रेस सुरू झाली आणि पाच रुपयांची नोट हिंदुस्थानच्या भूमीवर छापली गेली. सहासष्ट वर्षे सातासमुद्रापलीकडून येणारी नोट आता गोदावरीच्या खोऱ्यात तयार होऊ लागली. दुसऱ्या महायुद्धात, १९४० साली, रुपयाच्या नाण्यातली चांदी निम्म्यावर आली आणि त्याच साली एक रुपयाची नोट पुन्हा अवतरली. १९४७ साली रुपया निकेलचा झाला. चांदी गेली आणि नाणे ओवण्यातला अर्थही गेला. गळ्यात घालावयाला, ओटीत टाकावयाला, ओवाळणीच्या ताटात ठेवावयाला हाताशी उरली ती नोट. पण नोटेला कडी डाकता येत नाही. तिला घडीच घालावी लागते.

ही घडी घालावयाची ती कशावर, हे आधी जाणून घ्यावे. ज्याला आपण कागद म्हणतो तो वहीचा कागद नव्हे. तो कापसाच्या तंतूंचा असतो, म्हणून ओल्या खिशात राहूनही त्याचा लगदा होत नाही. हा कागद पूर्वी परदेशातून येई. १९६८ साली नर्मदाकाठी होशंगाबादला कागदाची सरकारी गिरणी निघाली. त्या कागदात पाणचिन्ह असते, सुरक्षेचा धागा असतो. छपाईची काही शाई उठावाची असते, बोट फिरविले की ती हाताला लागते. छापखान्यात प्रत्येक ताव मोजून दिला जातो आणि मोजून घेतला जातो. बिघडलेल्या तावाचीसुद्धा नोंद होते. जो कामगार दिवसभर लाखोंच्या नोटा हाताळतो, त्याच्या हातून त्यांतली एकही बाहेर जात नाही. लोक म्हणतात नोट यंत्रातून पडते. यंत्रामागे उभ्या असलेल्या माणसाचे डोळे, पाठ आणि बोटे त्या नोटेत गेलेली असतात, हे नाशिककराने तरी विसरू नये. २०२३-२४ या एका वर्षात नोटांच्या छपाईवर रिझर्व्ह बँकेचा खर्च ५,१०१ कोटी रुपये झाला. हा खर्च अखेर तुमच्याआमच्याच खिशातला.

तेव्हा नोटेवर आधीच एक हातकाम झालेले असते. भेट करणारा त्यावर आपले दुसरे हातकाम चढवितो. हे दुसरे काम चांगले असेल तर पहिल्याचा मान राखतो, वाईट असेल तर त्याचा नाश करतो. हा आमच्या सांगण्याचा गाभा आहे.

घडीची कला आपल्याला परकी नाही. पत्रावळ आणि द्रोण, विड्याचा त्रिकोण, वाण्याची डिंकावाचून बांधलेली पुडी, लुगड्याच्या निऱ्या, या सगळ्या घड्याच आहेत. आमच्या सिन्नरच्या विडी कामगार बाया तेंदूच्या पानाचे तोंड ज्या चपळाईने बोटांनी दुमडून बंद करतात, ते पाहिले म्हणजे घडीचे शास्त्र कोणाच्या हाती आहे ते कळते. या साध्या कौशल्याला विद्वानांच्या सभेत मान मिळवून दिला तो मद्रासकडच्या सुंदर राव यांनी. बालोद्यानातील मुलांसाठी कागद दुमडण्याचा जो खेळ असतो, त्यावरून त्यांना सुचले, आणि १८९३ साली मद्रासेत त्यांनी कागदाच्या घड्यांतून भूमिती शिकविणारे पुस्तक प्रसिद्ध केले. पट्टी, कंपास काही नको. कागद दुमडा आणि सिद्धान्त पाहा. जर्मनीचे गणिती फेलिक्स क्लाइन यांनी त्याची दखल घेतली आणि ते पुस्तक जगभर गेले.

खुद्द नोटेच्या घडीचा नाद पद्धतशीर वाढला तो अमेरिकेत. याचे कारण साधे आहे. तेथे एक डॉलरची नोट आणि शंभर डॉलरची नोट एकाच मापाची, त्यामुळे एक घडी बसली की ती सगळ्या नोटांना लागू. १९६३ साली आदोल्फो सेर्सेदा यांचे नोटांच्या घड्यांवरचे पुस्तक शिकागोत निघाले. अंगठी, पक्षी, सदरा असे प्रकार लोक नोटेतून करू लागले. जपानात याच्या उलट चाल आहे. तेथे नोट दुमडण्यापेक्षा तिचे पाकीट सुरेख दुमडण्यावर भर. लग्नाला कोरी नोट द्यावी, शोकाच्या प्रसंगी मात्र वापरलेली द्यावी. कारण शोकाला कोरी नोट दिली तर आपण मरणाची वाट पाहत तयार बसलो होतो असे होते. पैसा देण्यातही किती नाजूक विचार असू शकतो, पाहा.

आपली नोट अमेरिकेच्या नोटेहून निराळी. किंमत वाढली की लांबी वाढते. आजची दहाची नोट ६३ मिलिमीटर रुंद आणि १२३ लांब, विसाची ६३ बाय १२९, पन्नासाची ६६ बाय १३५, शंभराची ६६ बाय १४२, पाचशेची ६६ बाय १५०. ज्याला घडी घालावयाची त्याने ही मापे ध्यानात ठेवावी. ६३ ची दुप्पट १२६. दहाची नोट या मापाला तीन मिलिमीटर कमी, विसाची तीन मिलिमीटर जास्त. म्हणजे या दोन्ही नोटा जवळजवळ दोन चौकोन शेजारी ठेवल्यासारख्या आहेत. चौकोनी कागदाची पाखरे, होड्या, कमळे यांवर म्हणूनच थोड्या युक्तीने बसतात. पाचशेच्या नोटेला अठरा मिलिमीटरांचे शेपूट उरते. तिचा मोराचा पिसारा चांगला, पण कमळ वाकडे. गरिबाची नोट घडीला अधिक सोयीची निघावी, ही योगायोगाची का होईना, पण गोड गोष्ट आहे.

सर्वांत सोपे फूल असे. दहाची नोट लांबीच्या बाजूने निम्मी करावी, पुन्हा निम्मी, असे चार वेळा. सोळा सारखे भाग पडतात, प्रत्येक पाउण सेंटिमीटरहून किंचित मोठा. मग एक घडी वर, एक खाली अशा निऱ्या घालाव्या. त्या पट्टीला बरोबर मध्ये सुती दोरा सैल बांधावा आणि दोन्ही अंगे पंख्यासारखी उलगडावी. टोके एकमेकांना भेटतात आणि एका नोटेचे पूर्ण गोल फूल होते. कात्री नाही, डिंक नाही, टाचणी नाही. भेट घेणाऱ्याने दोरा सोडला, नोट जाड पुस्तकात दोन दिवस दाबून ठेवली, की ती पुन्हा बाजारात जावयास मोकळी.

आता ही फुले आपल्या समाजात कोठे रुजली ते पाहू. त्यांचे पहिले घर म्हणजे रुखवत. रुखवत हे मुळी बायकांच्या हाताचे प्रदर्शन. लाडू-करंज्यांच्या जोडीला हळकुंड-सुपाऱ्यांचे नवरानवरी, लोकरीची तोरणे, मण्यांची झुंबरे. मुलीच्या मावशा, आत्या, मैत्रिणी रात्री जागून हे करतात. त्या जागरणाची मजुरी कोणी मोजत नाही. मोजावी अशी त्यांचीही अपेक्षा नसते. त्या ताटांत नोटेचा मोर आला, नोटांचा कलश आला. यात काही लोकांना पैशाचा माज दिसतो. आम्हांला तसे सरसकट वाटत नाही. वीस नोटा पाकिटात घालून देणे सोपे होते. त्याऐवजी कोणा आत्याने तीन रात्री बसून त्यांची कमळे केली. पैसा सगळ्यांचा सारखाच असतो. शंभराच्या नोटेवर देणाऱ्याचे नाव नसते. घडीने तिला नाव मिळते. हे कमळ सुशीआत्याचे, असे मुलगी वर्षानुवर्षे सांगते. या हौसेला हसणारा माणूस आम्हांला पटत नाही.

पण रुखवताच्या शेजारी दुसरी एक वस्तू असते, ती विसरता कामा नये. ती म्हणजे आहेराची वही. मांडवाच्या तोंडाशी एखादा जाणता माणूस वही घेऊन बसे आणि कोणी किती आहेर केला ते लिहून घेई: अकरा, एकवीस, एक्कावन्न, एकशे एक. रक्कम शून्यावर संपू नये म्हणून वरचा रुपया. या एका रुपयाचे महत्त्व एवढे की १९९४ साली बंद झालेली एक रुपयाची नोट २०१५ साली पुन्हा निघाली, तेव्हा आहेराची पाकिटे करणाऱ्यांनी तिचे स्वागतच केले. वहीचा उपयोग काय? पुढे त्या माणसाच्या घरी कार्य निघाले की वही उघडावयाची आणि त्याने केला होता त्याहून थोडा अधिक आहेर करावयाचा. म्हणजे ही बिनव्याजी उचल होती. लग्नाचा खर्च एका घरावर पडू नये म्हणून शंभर घरांनी तो थोडाथोडा उचलावा आणि पाळीपाळीने फेडावा. गोवर्धनच्या विणकरांनी जे श्रेणीत केले, ते आमच्या खेड्यापाड्यांनी वहीत केले. आहेराचा मूळ धर्म हा आहे, आणि रुखवतातले कमळ या धर्माच्या आड येत नाही. कारण लग्नानंतर ते उलगडते आणि संसाराला लागते.

आड येतो तो हार. येथे आम्हांला थोडे स्पष्ट बोलावे लागेल.

सत्काराच्या वेळी पैसा देण्याची आपली जुनी रीत थैलीची होती. १९१६ च्या जुलैत लोकमान्य टिळकांना साठ वर्षे पूर्ण झाली तेव्हा पुण्यात त्यांना एक लाख रुपयांची थैली अर्पण करण्यात आली, आणि त्यांनी ती रक्कम राष्ट्रकार्याला देऊन टाकली. थैलीचे तोंड बांधलेले असते. आत कोणाचे किती हे दिसत नाही. हमालाचा आणा आणि वकिलाचे शंभर रुपये शेजारी शेजारी निजतात. आणि थैली आहे तशी कामाला लागते. हाराचे तसे नाही. हारात प्रत्येक नोट तोंड बाहेर करून असते. किती नोटांचा हार, कितीच्या नोटांचा, हे लांबून मोजता येते. तो मोजला जावा म्हणूनच घातलेला असतो. २०१० साली लखनौच्या एका जाहीर सभेत हजाराच्या नोटांचा प्रचंड हार घातला गेला आणि त्यात किती लाख की कोटी याचीच चर्चा देशभर झाली. सभेत काय ठराव झाले ते कोणाच्या ध्यानात राहिले नाही.

हे लोण आमच्या कामगारांतही आले. छत्तीस वर्षे नोकरी करून निवृत्त होणाऱ्या एका सोबत्याला त्याच्या खात्यातील मंडळींनी वर्गणी काढून दहाच्या शंभर नोटांचा हार घातला. भाव निर्मळ होता. हार बाजारातून तयार आणलेला. त्यासाठी हजारावर कितीतरी रुपये जास्त मोजलेले. दुसऱ्या दिवशी तो गृहस्थ आणि त्याची पत्नी जमिनीवर वर्तमानपत्र पसरून टाचण्या उपटीत बसली. नोटेनोटेला दोन टाचण्या, मागे पुठ्ठा, पुठ्ठ्याला डिंक, वर चमकी. काही नोटा फाटल्या, काहींना डिंकाचे डाग राहिले. गल्ल्यावरच्या माणसाने त्या परत केल्या, तेव्हा सोबती आम्हांला म्हणाला, "अहो, निरोप मिळाला खरा, पण सुट्या पैशांत मिळाला असता तर बरं झालं असतं." तो हसत म्हणाला, आम्हांला मात्र हसू आले नाही. शंभर माणसांची वर्गणी, आणि तिचा काही भाग टाचणीने खाल्ला.

टाचणीचे हे दुखणे एकट्याचे नाही. नोटांच्या गड्ड्यांना तार टोचण्याची बँकांची जुनी सवय होती. रिझर्व्ह बँकेने १९९९ साली स्वच्छ नोटेचे धोरण जाहीर केले आणि २००१ च्या नोव्हेंबरात बँकांना गड्ड्यांना तार टोचणे बंद करण्याचा आदेश दिला. लोकांनाही बँकेने विनंती केली की नोटांचे हार करू नका, मांडव आणि देवळे नोटांनी सजवू नका, समारंभात कोणाच्या अंगावर नोटा उधळू नका. रिझर्व्ह बँकेच्या कायद्याप्रमाणे फाटकी, खराब झालेली किंवा फार मळलेली नोट बँकेला पुन्हा चलनात आणता येत नाही. भोके, फाटी, डाग, चिकटपट्ट्या, दुमडलेले कोपरे हे सर्व पाहून यंत्र नोट बाजूला काढते. मग तिचे बारीक तुकडे होतात आणि त्या तुकड्यांच्या दाबून विटा. फाटक्या नोटेचे पैसे मिळतात, पण मोजून. वीस रुपयांपर्यंतच्या नोटेचा निम्म्याहून मोठा सलग तुकडा हाती असेल तर पूर्ण किंमत. पन्नास आणि त्यावरच्या नोटेला पूर्ण किमतीसाठी ऐंशी टक्क्यांहून अधिक भाग लागतो. चाळीस ते ऐंशी टक्के असेल तर निम्मी किंमत. त्याखाली काही नाही. टाचणीने नोट फाडली तर तोटा किती, याचे उत्तर असे नियमातच लिहिलेले आहे.

नोट ही शोभेची वस्तू मानली तर काय होते याचा धडा सर्व देशाला एकाच रात्री मिळाला. ८ नोव्हेंबर २०१६ रोजी पाचशे आणि हजाराच्या नोटा चलनातून रद्द झाल्या. तुळशीची लग्ने तीन दिवसांवर होती, लग्नसराई तोंडावर. घरोघरी जपून ठेवलेले आहेर, काचेच्या चौकटीत मढविलेल्या नोटा, सारे बाहेर आले. बँकेत भरण्याची मुदत ३० डिसेंबरपर्यंत. दोऱ्याने बांधलेले फूल घटकेत सुटले. काचेखाली डिंकाने डकवलेली नोट सोडविताना लोकांचा जीव मेटाकुटीला आला. त्याच दिवसांत नाशिकरोडच्या छापखान्यात सुट्टीच्या दिवशीही यंत्रे चालू होती आणि आमचे प्रेस कामगार जादा पाळ्या करून देशाची निकड भागवीत होते. पुढे पाचशेची जी नवी नोट आली ती जुन्या १६७ बाय ७३ च्या मापाहून बरीच लहान, त्यामुळे मोर करणाऱ्या बायांना आपल्या घड्या नव्याने बसवाव्या लागल्या. त्यांनी त्या बसविल्या. सरकारने नोट बदलली, हात तेच राहिले.

कोणी म्हणेल, आता आहेरसुद्धा फोनवरून जातो. मांडवाच्या दाराशी चौकोनी ठिपक्यांचा कागद लावलेला असतो, तेव्हा या घड्यांची चर्चा कशाला? आम्हांला वाटते, म्हणूनच करावी. फोनवरून गेलेल्या पैशाला हाताचा स्पर्श नाही. तो सोयीचा आहे, त्याची नोंदही आपोआप होते, म्हणजे वहीचे काम झाले. पण आत्याच्या तीन रात्री त्यात मावत नाहीत. नोट जितकी दुर्मिळ होत जाईल, तितके दुमडलेल्या नोटेचे मोल वाढेल. तेव्हा आत्ताच चांगली रीत पडलेली बरी.

ती रीत काय असावी? संघटनेच्या सभेत ठराव मांडावा तसे आम्ही तीन कलमांत सांगतो. पहिले, घडी घाला, पण कापू नका, टोचू नका, चिकटवू नका, तिच्यावर लिहू नका. दोरा आणि बोटे पुरे. दुसरे, भेट करा ती आपल्या हाताने करा; दर्शनी किमतीहून अधिक पैसे मोजून बाजारातून तयार हार आणाल, तर त्यात ना तुमचे श्रम, ना घेणाऱ्याचा फायदा. तिसरे, रक्कम दिसावी म्हणून घडी घालू नका. दहाच्या नोटेचे फूल पाचशेच्या फुलाशेजारी ठेवले तर अधिक डौलदार दिसते, हे माप घेऊन आपण पाहिलेच.

पुतळ्यांच्या माळेचे मर्म आम्ही मघाशी ध्यानात ठेवावयास सांगितले होते. मिरविता यावे आणि मोडताही यावे. उषवदाताची ठेव, गरिबाच्या गळ्यातला रुपया, आहेराची वही, टिळकांची थैली, आणि आत्याने दोऱ्याने बांधलेले कमळ, ही सगळी एकाच कुळातली. ज्याला दिले त्याच्या निकडीला ती उपयोगी पडतात. टाचण्यांचा हार मात्र या कुळात बसत नाही.

येत्या लग्नसराईत श्रोत्यांपैकी कोणाच्या घरी कार्य असेल, त्यांनी रुखवताला जरूर नोटांची फुले मांडावी. मात्र मुलगी सासरी गेल्यावर पहिल्या अडचणीच्या दिवशी तिला ती आपल्या हातांनी, कात्रीवाचून उलगडता येतील, एवढे पाहावे.